आमच्या लाच-खात्याचे तारांकित दिवस

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो, ते साठतात. जुन्या टाइपरायटरच्या पोटात खोडरबराचा भुगा साठतो ना, तसे. तुम्ही चूक खोडता, कागद वरून स्वच्छ दिसतो, साहेब सही करतात, टपाल निघून जातं. भुगा मात्र खालीच पडून राहतो. एक दिवस मशीन अडतं, तुम्ही ते उलटं करता आणि ओंजळभर भुगा टेबलावर सांडतो. परवा कट्ट्यावर तुम्हीच म्हणालात, "बेंबळकर, तुमच्या त्या खात्यातलं काहीतरी सांगा की." म्हणून आज मशीन उलटं केलंय.

निजाम गेला, मराठवाडा आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला. त्याच्या पुढच्या चार-सहा वर्षांतल्या या गोष्टी. उस्मानाबादेत, म्हणजे आपल्या धाराशिवात, लाच पकडणाऱ्या पोलीस खात्याची एक शाखा होती. शाखा कसली, फांदीच! एक इन्स्पेक्टर माने साहेब, एक जमादार रशीदभाई, दोन शिपाई, एक जीप आणि टायपिंगला मी. बेंबळीचा म्हणून बेंबळकर.

सगळा जिल्हा आम्हाला घाबरायचा असं लोकांना वाटतं. आम्ही कुणाला घाबरायचो ते सांगतो. विधानसभेला!

तिथं आमदार प्रश्न विचारायचे. ज्या प्रश्नाला मंत्र्यांनी उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं, त्याच्यापुढं चांदणीची खूण असायची. म्हणून तो तारांकित प्रश्न. मुंबईत सुटलेला प्रश्न औरंगाबादवरून घरंगळत खाली यायचा आणि माझ्या टेबलावर थांबायचा. माझ्याखाली कुणी नव्हतंच! चांदणी कागदावर एकच असायची. आमच्या डोळ्यांपुढं मात्र दिवसाढवळ्या सगळं आभाळ चमकायचं.

*

पाटीचं ऐका.

आमचं ऑफिस बाजारातल्या एका गल्लीत, भाड्याच्या दोन खोल्यांत होतं. दारावर खात्याच्या नावाची निळी पाटी आणि समोर पानाचं दुकान. कोण आमच्या दारात शिरला, हे पानवाला दिवेलागणीच्या आत सगळ्या कचेऱ्यांना कळवायचा. फुकट! मग तक्रार घेऊन येणार कोण? माने साहेबांनी वैतागून पाटीच काढून टाकली. झालं, माणसं यायला लागली. डॉक्टरचं घर विचारायला आल्यासारखी यायची, पण यायची.

तेवढ्यात विधानसभेतून प्रश्न आला. "उस्मानाबाद येथील कार्यालयास नामफलक नाही, हे खरे आहे काय? असल्यास, जनतेने तक्रार कोठे करावी?"

आम्ही उत्तर दिलं, "होय. फलक लावण्यात येत आहे." आणि पाटी परत लावली. रंग देऊन, आधीपेक्षा मोठी!

पुढं चार महिने चिटपाखरू फिरकलं नाही. पुढच्या अधिवेशनात त्याच आमदारांचा प्रश्न आला, "गेल्या अधिवेशनापासून उस्मानाबाद कार्यालयाकडे एकही तक्रार आलेली नाही, हे खरे आहे काय? असल्यास, कारणे कोणती?"

माने साहेब म्हणाले, "लिहा बेंबळकर. 'होय. फलक लावल्यामुळे.'"

मी टाइप केलं. तिसऱ्या दिवशी कागद परत आला. वर लाल शाईत शेरा होता, "कारण पुन्हा तपासावे." साहेबांनी अर्धा तास खिडकीबाहेर बघितलं आणि मग सांगितलं, "लिहा. 'जिल्ह्यात लाचेचे प्रमाण घटल्यामुळे.'"

हे उत्तर मंत्र्यांनी सभागृहात वाचलं आणि लोकांनी बाकं वाजवली म्हणे!

रशीदभाई बाहेर जाऊन पाटीपुढं उभे राहिले, सलाम ठोकला आणि म्हणाले, "साहेब, हिला एक मेडल द्या. एका बाईनं सारा जिल्हा सुधारला!"

*

प्रश्नाची तार सकाळी अकराला यायची आणि उत्तर चारच्या आत मागायचे. एकदा असाच प्रश्न आला, "उस्मानाबाद जिल्ह्यात लाच घेणारे सरकारी नोकर किती आहेत?"

माने साहेबांनी तार दोनदा वाचली. "पकडलेले विचारतायत का असलेले?"

रशीदभाई कोपऱ्यात बुटाला पॉलिश करत होते. मान वर न करता म्हणाले, "पकडलेले चार हायेत. असलेले पायजे असतील, तर उलटं विचारा म्हणावं. किती जण घेत न्हाईत ते विचारा. चारच्या आत मोजून हुतंय!"

आम्ही आपलं नेहमीचं उत्तर पाठवलं, "माहिती गोळा करण्यात येत आहे." हे पाच शब्द मी इतक्या वेळा टाइप केले असतील की बोटांना पाठ झाले होते. त्या प्रश्नाला आम्ही तीन वर्षं तेच उत्तर दिलं. दरम्यान विचारणारे आमदार निवडणुकीत पडले, पकडलेल्या चारांतले दोघं सुटले आणि एक वारला. माहिती आमची गोळा होतच होती.

एकदा बायकोनं विचारलं, "थोरलीच्या स्थळाचं काय झालं हो?"

मी पेपरातून डोकं न काढता म्हणालो, "माहिती गोळा करण्यात येत आहे."

तिनं पुढं आठ दिवस मला कुठलीच माहिती दिली नाही. जेवायला वाढल्याचीसुद्धा!

*

एक आमदार होते. नाव कशाला? अण्णा म्हणू. विधानसभेत आमच्यावर सगळ्यात जास्त प्रश्न अण्णांचे. "लहान मासे पकडता, मोठे सोडता" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणूस धिप्पाड, आवाज असा की मुंबईत बोलले तरी आम्हाला वाटायचं तुळजापूर नाक्यावरून ओरडतायत.

एकदा आम्ही बांधकामाच्या ऑफिसातला एक ओव्हरसियर पकडला. तो निघाला अण्णांच्या सख्ख्या मेहुणीचा नवरा!

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन बैलगाड्या भरून पाहुणे आमच्या गल्लीत उतरले. पुढं अण्णा. मागं मेहुणी पदरात तोंड खुपसून रडतेय, सासरे काठी आपटतायत. अण्णा तरातरा आत आले, माने साहेबांच्या खोलीत शिरले आणि दार धाडकन लावून घेतलं. आत साहेब, अण्णा आणि जबाब लिहायला बसलेला मी.

माने साहेब उठून उभे राहिले. चेहरा पांढरा. म्हणाले, "अण्णा, पुरावा पक्का आहे. मला सोडता येणार नाही."

अण्णा खुर्चीत बसले, टोपी काढली, घाम पुसला आणि हळूच म्हणाले, "सोडा म्हणतंय कोण? अजिबात सोडू नका. लई हरामखोर आहे तो. फक्त मी भांडून गेलो, एवढं बाहेर दिसू द्या."

आणि मग त्यांनी टेबलावर अशी मूठ आपटली की माझी दौत उडाली. "इन्स्पेक्टर! मला ओळखत नाही तुम्ही!" बाहेर रडणं एकदम थांबलं. अण्णा हळू आवाजात म्हणाले, "चहा मिळेल का हो? उन्हातनं आलोय."

रशीदभाईंनी मागच्या दारानं चहा आणला. अण्णा एक घोट घ्यायचे, एक आरोळी ठोकायचे. "तुमची बदली करीन!" घोट. "विधानसभेत उघडं पाडीन!" घोट. "साखर थोडी जास्त झाली बरं का." शेवटी कप खाली ठेवला, टोपी घातली, डोळे लाल करून दार उघडलं आणि पाहुण्यांना घेऊन गेले.

साहेब मटकन खाली बसले. मला म्हणाले, "बेंबळकर, मी इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढा सज्जन माणूस बघितला नाही."

दोन महिन्यांनी विधानसभेचा कागद आला. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव अण्णांचंच. "उस्मानाबाद येथील एका प्रकरणात तपास अधिकाऱ्यावर राजकीय दबाव आणण्यात आला, हे खरे आहे काय? असल्यास, कोणी आणला?"

आम्ही उत्तर दिलं, "नाही. प्रश्न उद्भवत नाही."

*

हा किस्सा मी कधी सांगत नाही. पण भुगा एकदा सांडला की निवडून थोडाच सांडतो?

उमरग्याकडच्या एका खेड्यात एक मास्तर होते. बारीक अंगाचे, कोटाची सगळी बटणं लावणारे. त्यांची बायको छातीच्या दुखण्यानं धाराशिवला दवाखान्यात पडून होती. मास्तरांना एवढंच पाहिजे होतं, बदली धाराशिवजवळच्या कुठल्याही शाळेत. शिक्षणाच्या ऑफिसातल्या एका कारकुनानं त्यासाठी हात पसरला. मास्तर आमच्याकडं आले. सापळा लावला, कारकून पकडला गेला. मास्तर म्हणाले, "माझं नाव तेवढं बाहेर येऊ देऊ नका. नोकरी त्यांच्याच हाताखाली करायची आहे."

माने साहेब म्हणाले, "मी आहे ना!"

पुढच्या अधिवेशनात प्रश्न आला. तक्रारदाराचं नाव आम्ही उत्तरात घालायचो नाही. ते वेगळ्या चिठ्ठीवर टाइप करायचं, वर 'केवळ मंत्रिमहोदयांच्या माहितीसाठी' असं लिहायचं आणि वेगळ्या पाकिटात पाठवायचं, असा नियम होता. त्या दिवशी टपालाची बस सुटायला आली होती आणि पाकिटं संपली होती. मी चिठ्ठी उत्तरालाच टाचणी लावून जोडली. एका टाचणीनं काय होतंय?

मंत्र्यांनी उत्तर वाचलं आणि त्याच सुरात चिठ्ठीपण वाचली. गावासकट, शाळेसकट. दुसऱ्या दिवशी पेपरात!

महिन्याभरानं मास्तर आमच्या ऑफिसात आले. बटणं सगळी लावलेली. माझ्या टेबलापुढच्या बाकावर बसले, तांब्यानं पाणी प्यायले. माने साहेब आतून घाईघाईनं बाहेर आले. "मास्तर, बदलीचं काय झालं?"

"झाली की साहेब. परंड्याच्या पलीकडं. हद्दीवरचं शेवटचं गाव आहे." मास्तर हसले. "अन् बघा, एक पैसा न देता झाली!"

मास्तरांनी साहेबांना नमस्कार केला, मला केला आणि दवाखान्याकडं निघून गेले. माने साहेबांनी त्यांच्यासाठी तीन पत्रं लिहिली. तिन्ही मीच टाइप केली. एकाचंही उत्तर आलं नाही. मास्तरांच्या बाई त्या उन्हाळ्यात गेल्या.

टाचणी माझी होती, हे मी मास्तरांना सांगितलं नाही. साहेबांना माहीत होतं. ते कधी बोलले नाहीत.

*

आणि मग एका वर्षी विधिमंडळाची समितीच आली! प्रश्नांनी भागेना म्हणून सात आमदार जातीनं आमचं काम तपासायला आले. अध्यक्ष विदर्भातले, वयस्कर, मनानं अगदी सरळ माणूस. आधी आठ दिवस आम्ही फायली झटकत होतो. दोन्ही शिपायांना शिंका थांबेनात.

पहिल्या दिवशी सकाळी समिती ऑफिसात बसली. एका सभासदानं कपाटातून नेमकी निजामाच्या काळातली फाइल ओढली. सगळी उर्दूत! आमच्यात उर्दू वाचणारे एकटे रशीदभाई. ते चष्मा लावून वाचायला लागले. कुणा तहसीलदाराला एका जमीनदारानं घोडा दिला होता आणि फाइलमध्ये त्याला 'नजराणा' म्हटलं होतं.

सभासद म्हणाले, "थांबा जमादार. नजराणा म्हणजे लाचच ना?"

रशीदभाईंनी चष्मा काढला. "न्हाय साहेब. खालच्यानं वर दिला तर नजराणा. वरच्यानं खाली दिला तर बक्षीस. देता-घेता मधीच पोलीस आला, तरच ती लाच!"

अध्यक्षांनी हे लिहून घेतलं. पुढं अहवालात आलं नाही, ते सोडा.

*

त्याच दुपारची गोष्ट. समितीला तुळजापूरला देवीच्या दर्शनाला जायचं होतं. जीप एकच, ती गेली. आणि नेमका त्याच दिवशी आमचा उमरग्याला सापळा ठरलेला!

उमरग्याचे एक दुकानदार होते, शिवलिंगप्पा. त्यांच्या रॉकेलच्या परवान्यासाठी पुरवठ्याच्या ऑफिसातला कारकून पैसे मागत होता. तो संध्याकाळी उमरग्याच्या ऑफिसात पैसे घेणार, असं ठरलं होतं. आता दिवस बदलता येत नव्हता. माने साहेब म्हणाले, "चला एसटीनं!"

तर बसमध्ये पुढच्या सीटवर शिवलिंगप्पा. खिशात पावडर लावलेल्या नोटा. ही पावडर साध्या डोळ्यांना दिसत नाही. अंधारात खास बॅटरीचा दिवा धरला की बोटं चमकतात. त्यांच्या मागच्या सीटवर दोन पंच, त्यांच्या मागं धोतर नेसलेले साहेब आणि दिव्याची पेटी मांडीवर घेऊन मी.

नळदुर्गला बस थांबली. चढलं कोण? तोच कारकून! सासुरवाडीहून परत निघाला होता. जागा एकच मोकळी, शिवलिंगप्पांच्या शेजारची. बसला. म्हणाला, "काय शिवलिंगप्पा, कुठं निघालात?"

शिवलिंगप्पांना दुसरं सुचेना. "तुमच्याकडंच की!"

"मग हितंच द्या की! उगं उमरग्यापर्यंत कशाला वजन वाहता?"

शिवलिंगप्पांनी मागं वळून आमच्याकडं बघितलं. साहेबांनी मान हलवली. नोटा निघाल्या, कारकुनानं त्या खिशात घातल्या आणि साहेबांनी दोन उड्यांत त्याचं मनगट धरलं. कंडक्टरला वाटलं पाकीटमार सापडला, तो घंटी मारायचीसुद्धा विसरला.

आता हात तपासायला अंधार पाहिजे. बाहेर लख्ख ऊन! मागच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्याची घोंगडी मागून घेतली आणि कारकून, साहेब, एक पंच अन् दिव्याची पेटी, सगळे तिच्या आत शिरले. बस खड्ड्यांतून हिंदकळत चाललेली आणि मधे ही चार-पाच वशिंडांची घोंगडी. एक बाई शेजारणीला विचारत होती, "आत कोण बाळंत हाय काय गं?"

बोटं चमकली. पुरावा एकदम बावनकशी! वर्षभरानं केस कोर्टात उभी राहिली. आरोपीच्या वकिलानं एकच मुद्दा धरला. "बस त्या वेळी कुठं होती?" एक पंच म्हणाला, जळकोटच्या अलीकडं. दुसरा म्हणाला, येणेगूर ओलांडलं होतं. शेवटी माने साहेबांना विचारलं.

साहेब शपथेवर होते. खोटं कसं बोलणार? म्हणाले, "सांगता येत नाही. मी घोंगडीत होतो."

कोर्ट हसलं. आरोपी सुटला.

लगेच विधानसभेत प्रश्न! "जीप उपलब्ध असताना सापळा पथकाने बसने प्रवास का केला?" आम्ही लिहिलं, "जीप विधिमंडळाच्या समितीकडे होती." ते वाक्य वर कुणीतरी खोडलं. सभागृहात उत्तर दिलं गेलं, "जनसंपर्क वाढावा म्हणून."

*

समितीचा दुसरा दिवस. रेस्ट हाउसात बैठक. अध्यक्ष सकाळीच माने साहेबांना म्हणाले, "कागद पुष्कळ बघितले. आता मला एक माणूस दाखवा. तुमच्याकडं तक्रार केली आणि आरोपीला शिक्षा झाली, असा एखादा माणूस."

साहेबांचा चेहरा किती दिवसांनी उजळला! शिक्षा झालेली, अपिलातसुद्धा टिकलेली, अशी आमची एक केस होती. नळदुर्गच्या अलीकडच्या एका वस्तीवरचे बिरूआप्पा. मेंढरं राखणारा साठीचा माणूस, अंगठेबहाद्दर, पण साक्षीत एक शब्द हलला नाही. त्यांच्या तक्रारीवर आम्ही तलाठी पकडला होता. त्याची नोकरी गेली, तुरुंगात जाऊन आला.

जीप पाठवून आप्पांना आणलं. डोक्याला मुंडासं, हातात काठी, काखेत कापडात बांधलेली कागदांची गुंडाळी. वहाणा बाहेर काढून ते आत आले आणि दाराशीच उभे राहिले. अध्यक्ष स्वतः उठले, हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं.

"आप्पा, तुमच्याच तक्रारीवर तो तलाठी पकडला गेला ना?"

"व्हय जी."

"शाब्बास! पटकन कुणी पुढं येत नाही. आता मला खरं सांगा, भिऊ नका. त्यानंतर तुमच्याकडं कुणी लाच मागितली?"

"न्हाय जी."

"एकदाही नाही?"

"एकदाबी न्हाय. दोन वरसं झाली."

सातही सभासद एकमेकांकडं बघून माना हलवायला लागले. स्टेनोची पेन्सिल पळत होती. माने साहेब भिंतीशी उभे होते, त्यांनी हळूच छाती फुगवली. खरं सांगतो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं, आपण टाइप केलं ते अगदीच वाया गेलं नाही.

अध्यक्षांनी विचारलं, "तहसीलात? सर्कलच्या ऑफिसात? कुठंच नाही?"

"कुठंच न्हाय जी. म्या दारात दिसलो की समदे उठून हुबं ऱ्हात्यात. खुर्ची देत्यात. च्या पाजत्यात. पर पैशाचं नाव कुणी काढत न्हाय."

"बघा!" अध्यक्ष सभासदांकडं वळले. आवाज जड झाला होता. "एक माणूस ठामपणे उभा राहिला, तर अख्खी कचेरी सुधारते! घ्या, हे शब्दशः लिहून घ्या." मग पुन्हा आप्पांकडं वळून म्हणाले, "आणखी काही सांगायचंय समितीला?"

आप्पांनी काखेतली गुंडाळी काढली, गाठ सोडली आणि कागद टेबलावर ठेवले. कागद घडीवर फाटले होते.

"थोरला भाऊ वारला. त्याच्या जागी सात-बाराला माझं नाव लावायचं हाय. ज्या कामापायी त्यो तलाठी धरला, तेच काम. अजून तसंच हाय जी."

"तसंच? का?"

"नवा तलाठी म्हणतोय, तहसीलात जावा. तहसीलात म्हणत्यात, तलाठ्याकडं जावा. काम कुणीच धरंना. समदे मला भित्यात." आप्पांनी कागदाची फाटकी घडी तळव्यानं सपाट केली. "गेल्या बाजारी म्या आपणहून पैसं काढून नव्या तलाठ्याच्या म्होरं ठिवलं, तर त्यो खिडकीतनं उडी टाकून पळाला!"

एक-दोन सभासदांना हसू फुटलं. आप्पा हसले नाहीत. ते खुर्चीवरून उठले, काठी भिंतीला टेकवली आणि अध्यक्षांपुढं दोन्ही हात जोडले.

"साहेब, तुमी समद्यांच्या वरचे. माझी दुसरी काय बी अर्जी न्हाय. कुणाला तरी एकाला, माझ्याकडनं घ्यायला सांगा."